दुरुस्त झालेली बेल

दुधाखालचा गॅस बारीक करून ती कपड्यांच्या घड्या घालायला बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं आणि घरभर गॅसचा वास कोंडला होता. दूध उतू जाऊन जाळ विझला होता, गॅस मात्र चालूच होता. दिवा लावायला तिचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि बोटभर अंतरावर तिने तो मागे ओढला. एक ठिणगी पुरली असती.

चाचपडतच तिने रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि बाहेर पडायला दाराकडे धावली, तेवढ्यात जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली. तिला बेल आठवली. आठ दिवस बंद पडलेली बेल तिने आजच वायरमनकडून दुरुस्त करून घेतली होती. शिवाय नवऱ्याला फोन करून ऐकवलंही होतं, "आता दार बडवायचं नाही. बेल वाजवायची."

ती ओरडणार तोच पावलं दाराबाहेर थांबली.

दारावर टकटक झाली.

तिने दार उघडलं. "बेल... नाही वाजवलीत?"

"लक्षातच नाही राहिलं गं. आठ दिवसांची सवय, हात आपोआप दारावर गेला," सर्दीने चोंदलेलं नाक ओढत तो हसला. "आणि अशी अंधारात काय बसलीयेस?"

म्हणता म्हणता, वीस वर्षांच्या सवयीने, त्याचा हात आतल्या भिंतीवरच्या बटणाकडे गेला.