पंचाहत्तरच्या आत

सोमवार, दिनांक २ नोव्हेंबर २०१५, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. सहकारी सोसायटीच्या गोदामातील काट्यावर छबुबाई उभ्या राहिल्या, तेव्हा आकडा आला चौऱ्याऐंशी किलो.

"काकू, नऊ किलो उतरवायचं म्हणजे सोपं न्हाई," सचिव भगवानराव म्हणाले.

"एक मार्चला पंचाहत्तरच्या आत पायजे. न्हाईतर टेबलावर घेत न्हाईत, असं डॉक्टर म्हणले."

बेंबीजवळचा हर्निया दोन वर्षांपासून वाढत होता. टँकरवरून एक घागर आणली की छबुबाई उंबऱ्यावर पोट दाबून बसत. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. पाणी आणायला दुसरे कोणी नव्हते. बीडच्या ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होत, तेथील शिबिर वर्षातून एकदाच भरे.

डॉक्टरांनी दिलेल्या छापील कागदावर सफरचंद, पनीर आणि बदाम होते. आठवडी बाजाराला छबुबाईंजवळ दीडशे रुपये असत. त्यांनी तो कागद डब्याखाली ठेवला आणि आपला तक्ता आपणच ठरवला. सकाळी एक भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी. झाड दारातच होते. दुपारी मोड आलेली मटकी. संध्याकाळी हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे. चहा बिनसाखरेचा. पूर्वी आठवड्याला लागणारे तेल आता महिनाभर पुरे.

"लोकं चार घास मिळंना म्हणून गाव सोडून चालले," शेजारीण कडूबाई म्हणे, "अन् तू ताटातला माघारी ठेवतीस."

"घागर उचलता यावी म्हणून ठेवते, बाई."

डिसेंबर संपला तरी उतरले फक्त दीड किलो. छबुबाईंनी सकाळची भाकरी निम्मी केली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीची तूर खरेदी सुरू झाली, आणि त्याच सुमारास वजनही पडू लागले. दर सोमवारी जवळजवळ किलोभर.

छबुबाई सोसायटीच्या संचालकही होत्या. महिलांच्या राखीव जागेसाठी भगवानरावांनीच त्यांचे नाव सुचवले होते. आता गोदामात शेतकऱ्यांची रांग असे. भगवानराव रांग थांबवून आधी छबुबाईंना घेत, काट्याची फळी स्वतःच्या उपरण्याने पुसत आणि आकडा सर्वांना ऐकू जाईल असा वाचत.

"एकोणऐंशी! बघा रे, जिद्द म्हणत्यात ती ही."

रांगेतील माणसे कौतुकाने हसत. मग पोती चढत.

"काटा उतरतोय," एकदा कडूबाई म्हणाली, "पण तुझी चोळी तर तेवढीच दाटतीय."

"डोळ्याला काय कळतंय? काटा हाय ना."

सोमवार, २९ फेब्रुवारी. छबुबाईंच्या हातात दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांची पिशवी होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि काट्यावर पाऊल टाकले.

"चौऱ्याहत्तर," भगवानरावांनी वाचले. "जिंकल्या काकू तुमी."

छबुबाईंनी डोळे पुसले. त्या खाली उतरल्या तरी रांगेतला तरुण शेतकरी म्हाळू जागचा हलला नाही. त्याची पोती आधीच मोजून झाली होती.

"भगवानराव, नेकनूरला काटा करून सहा क्विंटल तूर आणली. इथं पाच बावन्न भरली. अठ्ठेचाळीस किलो वाटंत सांडली काय?"

"व्यापाऱ्याचा काटा खरा अन् सोसायटीचा खोटा व्हय?"

"मला काय ठाऊक? घरी खताचं सीलबंद पोतं हाय. पन्नास किलोचं. आणतो, ठिवा ह्याच्यावर."

भगवानरावांनी छबुबाईंकडे पाहिले.

"म्हाळू," छबुबाई म्हणाल्या, "चार महिने मी ह्याच काट्यावर उभी राहते. खोटा असता तर मला कळलं नसतं? उद्या मी ह्याच्या भरवशावर टेबलावर झोपणार हाय. अन् तू त्याची परीक्षा घेतोस?"

"काकू, तुमी उपाशी राहून हलक्या झाल्या. माझी तूर कशानं झाली?"

रांगेत हशा पिकला. म्हाळू हसला नाही. त्याच्या बापाच्या वयाचा एक माणूस म्हणाला, "जाऊ दे बे. काकूच सांगत्यात म्हणल्यावर काय राहिलं?"

भगवानरावांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. तो आधीच लिहून तयार होता. काटा अचूक असून त्याविषयी कोणाचीही तक्रार नाही, एवढाच मजकूर. छबुबाईंनी संचालक म्हणून सावकाश, मात्रा-वेलांट्या सांभाळत सही केली. म्हाळूने पाच क्विंटल बावन्न किलोची पावती घडी करून टोपीत ठेवली आणि तो निघून गेला.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता छबुबाई आणि कडूबाई बीडला पोहोचल्या. शिबिराच्या दारातच वजन घेत होते. नर्सने आकडा पाहिला, छबुबाईंचा कागद पाहिला आणि पेन खाली ठेवले.

"मावशी, तुम्हाला पंचाहत्तरच्या आत सांगितलं होतं."

"कालच चौऱ्याहत्तर भरलं, बाई. तुमचा काटा बिघडलाय."

"कुठं केलं होतं वजन?"

"सोसायटीत. तुरीच्या काट्यावर."

नर्सने त्यांना हाताला धरून शेजारच्या खोलीत नेले. तेथे दुसरा काटा होता. छबुबाईंनी चपला काढल्या, खांद्यावरची शाल कडूबाईकडे दिली, श्वास रोखला आणि त्या वर चढल्या.

ऐंशी किलो चारशे ग्रॅम.