सातव्या मतदारसंघातलं घर

विस्कॉन्सिनमधल्या मतदारसंघांच्या नव्या नकाशावर गावात सुनावणी चालली होती. म्हातारा हार्लन तावातावाने उठला. "पोरी, अख्खं गाव सहाव्या मतदारसंघात आणि माझं एकट्याचं घर सातव्यात? चाळीस वर्षं सगळ्यांबरोबर मत टाकतोय मी. ही रेघ माझ्या गाईंनीसुद्धा सरळ काढली असती!" लोक हसले. नकाशा काढणारी मुलगी मात्र आकड्यांवर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या अगदी सारखी लागते. सातव्यात दोन माणसं कमी पडत होती. तुमच्या घरी नेमकी दोन आहेत." "दोन?" "गेल्या वर्षीच्या एक एप्रिलच्या जनगणनेत तशी नोंद आहे." हार्लनची बायको त्याच महिन्याच्या अखेरीस गेली होती. त्याने विचारलं, "ही नोंद बदलणार कधी?" "पुढच्या जनगणनेला. अजून नऊ वर्षांनी." "मग हरकत मागे घेतो. आम्हा दोघांना सातव्यातच ठेव."