बकलाची चमक

“गड्याच्या हाती द्यायचा न्हाई. तू स्वतः चिंच लावून घास, बकलात तोंड दिसलं पाहिजे.” निजामाच्या दरबारातून मिळालेला पट्टा नव्या नवरीला देताना जहागीरदार म्हणाले होते. पुढं राजूरला तिरंगा लावला म्हणून तिच्या भावाला त्यांनी त्याच पट्ट्यानं चावडीवर फोडून काढलं. त्यातच भाऊ गेला. जात्यावरची ओवी मुकी झाली. बकलाच्या नक्षीत वाळलेलं रक्त तिलाच घासावं लागलं. दहा वर्षं ती दार लावून पट्टा चमकवत राहिली. आज हिंदुस्थानची फौज जालन्यात आली. जहागीरदारांनी तरी दरबारी पोशाख चढवला. “आपला बादशहा एकच. आण पट्टा.” नेहमीसारखं त्यांनी बक्कल डोळ्यांना लावलं, ओठांना लावलं. “झुंबर, नवाबसुद्धा विचारायचे, एवढी चमक येते कशी? चिंच कुठली लावतेस?” “भाऊ गेल्यापासून चिंच न्हाई लावली, मालक,” झुंबरबाई म्हणाली. “थुंकून घासत आले.”