दहापैकी दहा

शब्दांनी साम्राज्यं उलथतात, असं ढवळे सर नेहमी सांगत. नववीच्या वर्गातला पंखा मात्र त्यांच्या सात अर्जांनीही दुरुस्त झाला नव्हता. तरी निकिताचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता.

वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता बालविवाह. "पाठ केलेलं ओकू नकोस, पोरी," सरांनी बजावलं होतं. "स्वतःवर बेतल्यासारखं बोल."

तालुक्याच्या सभागृहात तिने सरांनी लिहून दिलेला कागद मुठीत चुरगळला. "येत्या गुरुवारी माझं लग्न आहे," ती म्हणाली. "मी चौदा वर्षांची आहे. मला शिकायचंय. कुणीतरी थांबवा." मग ती नुसती परीक्षकांकडे बघत राहिली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षकबाईंनी डोळे पुसले आणि अभिनयाचे दहापैकी दहा गुण दिले. करंडक तिलाच मिळाला. "शेवटी काय थांबलीस गं! सभागृह गार!" सर म्हणाले.

"सर, लग्न खरंच आहे."

"माहितीये गं. तुझ्या वडिलांनी पत्रिका दिलीये मला." सरांनी आवाज खाली आणला. "करंडक फिरता आहे बघ. बुधवारपर्यंत तेवढा शाळेत आणून दे."