उजवा गाल

"अगं, यावर ‘गंधरहित’ लिहिलंय. मग आत सुगंधी द्रव्य कशाला घातलंय?"

दुकानातल्या मुलीने बाटली उलटीसुलटी करून पाहिली. "वास येऊ नये म्हणून."

"वास येऊ नये म्हणून वास घातलाय?"

"म्हणजे... आतला मूळ वास झाकायला."

विचारणाऱ्या बाईने बाटली फळीवर आपटलीच. बारीक अक्षरं वाचायचं भिंग पर्समध्ये टाकलं आणि काहीच न घेता बाहेर पडली. उजव्या डोळ्याची पापणी टम्म सुजली होती. उजवा गाल कानापर्यंत लालभडक झालेला, आणि खाज अशी की चामडी सोलून काढावी.

दातांच्या दवाखान्यात ती समोरच्या टेबलावर बसायची. येणाऱ्याला हसून बसवायचं, हेच तिचं काम. आता दाढ ठणकत असलेली माणसंसुद्धा तिच्यापासून लांबची खुर्ची शोधत. एका बाईने तर तोंडावर विचारलं, "पसरतं का हो हे?" दंतवैद्यांनी मास्क लावायला सांगितला. मास्कखाली गाल आणखी पेटला.

तिने साबण बदलला. क्रीम बंद केलं. मग शाम्पूच्या मागे लागली. रोज संध्याकाळी न्हाणीघरातल्या बाटल्या टेबलावर यायच्या आणि ती त्यांची कुंडली मांडायची. यात कोणता फेस करणारा पदार्थ, त्यात कोणता टिकवणारा? एकच द्रव्य एका बाटलीवर एका नावाने, दुसरीवर भलत्याच. महागडं क्रीम आणि स्वस्त क्रीम आतून सख्खी भावंडं निघाली. फरक फक्त झाकणाचा. "नैसर्गिक काहीतरी घे ना," धाकटी बहीण फोनवर म्हणाली. तिने घेतलं. त्याने सगळ्यांत जास्त आग झाली. "विषारी वेलीसुद्धा नैसर्गिकच असतात," असं बहिणीला सुनावून तिने फोन ठेवून दिला.

पापणी सुजून डोळा मिटायला लागला, तेव्हा नवरा बाटल्या वाचून दाखवायला बसला. ऑफिसातून आलेला, कडक इस्त्रीचा शर्ट अजून अंगात. तिच्या खांद्याला डोकं टेकवून तो एकेक अक्षर लावत होता. "मिथाइल... आयसो... थायो... अगं, ही नावं आहेत की शिव्या?"

"तुम्हाला थट्टा सुचते! माझा चेहरा जातोय इकडे."

तो पुढचं नाव हळूहळू, न अडखळता वाचायला लागला. अलीकडे तो कशालाच उलटून बोलत नसे. तिला त्याचाही राग यायचा. माणसाने जरा तरी वैतागावं की नाही?

शेवटी ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिच्या पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांचे ठिपके चिकटवून दिले. काही दिवसांनी पट्ट्या काढल्या, पाठ नीट निरखली आणि एका लाल फोडावर बोट टेकवलं.

"हे बघा, सापडलं. केस काळे करायच्या रंगात असतं हे."

"शक्यच नाही," ती म्हणाली. "मी जन्मात रंग लावलेला नाही. बघा की केस, पांढरेच आहेत."

"साबण-शाम्पूचं काहीही उठलेलं नाही."

म्हणजे इतके दिवस म्हशीला रोग आणि पखालीला इंजेक्शन! भिंग लावून डोळे फोडले, बहिणीशी भांडली, अर्धं न्हाणीघर कचऱ्यात घातलं, आणि हाती काय? न लावलेला रंग! तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "डावा गाल स्वच्छ आहे. झोपताना उजव्या बाजूला कोण असतं?"

"हे असतात. पण ते कशाला..." तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नवऱ्याचे केस आता कसे दिसतात, ते तिला आठवेना. कानांजवळ पांढरं झालं होतं, एवढं पक्कं. पण ते कधी पाहिलेलं? कितीतरी दिवस तिने बाटल्यांखेरीज कशाकडे नीट बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी तो दारातून आत आला. "काय निघालं गं? सापडलं का?" चपला काढायच्या आधी त्याने तेच विचारलं.

तिने त्याला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं आणि डोकं खाली वाकवायला लावलं. कानाच्या वरचा केस न् केस काळाभोर होता. कातडीवर पुसटशी काळी रेघ उरली होती.

"कधीपासून लावताय?"

"न्हाव्याकडे... झाले काही महिने. म्हातारा दिसायला लागलो होतो."

तिचा इतक्या दिवसांचा राग एकदम उसळला. "कुणासाठी तरुण व्हायचंय या वयात? या रंगाने माझं तोंड सडलं! मी आपली साबणांना शिव्या देतेय, आणि तुम्ही शेजारी झोपून मला हे लावताय! तुमची हौस झाली, माझा जीव गेला!"

त्याने तिच्या गालाकडे पाहिलं. हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. मग खिडकीला पाठ लावून खालीच बसला.

"हौस नाही गं," तो म्हणाला. "कंपनीने मला केव्हाच घरी बसवलंय. आणि डोक्यावर पांढरं दिसलं, की मुलाखतीला मी खुर्चीत बसायच्या आधीच ‘कळवतो’ म्हणतात."