कंबरेखालचा काळोख

स्कॅनचं यंत्र आता शरीराच्या ज्या भागाचा विमा-कोड मंजूर असेल तेवढंच बघायचं; बाकीचं शरीर फिल्मवर काळं यायचं. हा नियम करणारे विमा कंपनीचे घाटपांडे आज त्याच यंत्राच्या टेबलावर ओटीपोट धरून आडवे होते.

"पोट आणि ओटीपोट, दोन्ही कोड टाका बाई," ते कण्हले.

कोड भरणाऱ्या शर्मिष्ठा गवाणकरांनी चिठ्ठी दाखवली. "डॉक्टरांनी घाईत नुसतं 'पोट' लिहिलंय. आमच्या ह्यांच्या चिठ्ठीवरही तेवढंच होतं. मी तुम्हाला तीनदा फोन केला होता, साहेब."

"मी काय म्हणालो?"

"लिहिलंय तेवढंच बघा."

त्यांनी पोटाचाच कोड दाबला. फिल्म कंबरेपर्यंत स्वच्छ आली, खाली नुसता काळोख.

"रिपोर्ट नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांचाही शेवटपर्यंत नॉर्मलच होता."