सरक गं बाई

दादाचं डोकं फिरल्यापासून जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची 'तिची' झाली होती. तिथे कोणी बाई बसलेली नाही, हे त्याला समजावून समजावून घर थकलं. शेवटी, कटकट नको म्हणून आई ताट वाढताना त्या रिकाम्या खुर्चीला म्हणायची, "सरक गं बाई जरा." मग कुठे दादा निमूट जेवायचा.

इस्पितळातून तो बरा होऊन आला. पहिल्याच दुपारी, वाढता वाढता, आईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सरक गं बाई जरा."

दादा खळखळून हसला. "अगं आई, तिथे कोणी नाही. कधीच नव्हतं."

धाकटीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात फरशीवर पाय घासत ती खुर्ची वीतभर सरकली.

दादा खाली मान घालून जेवत राहिला. आईने धाकटीचा हात घट्ट धरला आणि कानाशी पुटपुटली, "एक शब्द बोलू नकोस. आत्ता कुठे बरा झालाय तो."